परत फिरण्याची किंमत

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्णेतला पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसतो. नदी आटलेली, शेतं नांगरून तापत पडलेली आणि सगळ्यांचे डोळे पावसाकडे. हाच पाऊस बंगालच्या उपसागरावरून वर सरकायला लागतो, तेव्हा हिमालयाच्या माथ्यावरून वाहणारा झंझावाती वारा काही दिवसांपुरता उत्तरेकडे हटतो. तेवढ्या दिवसांत एव्हरेस्टच्या टोकावर माणसाला उभं राहता येतं. गिर्यारोहक या दिवसांना ‘विंडो’ म्हणतात. ती कधी चार दिवसांची असते, तर कधी दोनच दिवसांची. वर्षानुवर्षांचा सराव, कर्ज, वर्गणी, रजा, सगळं त्या दोन-चार दिवसांत बसवायचं असतं.

जिंतूरकडचे डोंगर सोडले तर परभणी जिल्हा सपाट. पूर्णा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांहूनही कमी उंचीवर आहे, आणि एव्हरेस्टचा नेपाळकडचा बेस कॅम्प ५३६४ मीटरवर. पण गाव जंक्शनचं. नांदेडहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस इथूनच पुढे दिल्ली-अमृतसरला जाते, आणि मराठवाड्यातल्या एखाद्या पोराच्या डोक्यात बर्फाचं वेड शिरलं तर त्याने हीच गाडी धरून दिल्ली गाठावी आणि तिथून उत्तरकाशी किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत जावं. तिथल्या बेसिक, अॅडव्हान्स कोर्सची फी सामान्य घराला झेपते. एव्हरेस्टचा खर्च मात्र झेपत नाही. तो कोणाला झेपला आणि कसा, हा इतिहास फार जुना नाही. चाळीस वर्षांत मावतो.

त्याआधी डोंगरावर थाट नव्हता असं नाही. इटलीच्या राजघराण्यातला ड्यूक ऑफ अब्रुझी १८९७ मध्ये अलास्कातल्या सेंट इलायस शिखरावर गेला तेव्हा त्याच्या सामानात लोखंडी पलंग होते, आणि ते हमालांनी हिमनदीवरून वाहून नेले. १९२०च्या दशकातल्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमांबरोबर शॅम्पेनच्या बाटल्या आणि लाव्याच्या मांसाचे डबे तिबेटच्या पठारावरून गेले. पण हा थाट सरदारांचा होता. त्यांच्या मोहिमेत पैसे भरून नाव नोंदवायची सोय नव्हती. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी वर गेले, १९६५ मध्ये कॅप्टन एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखाली नऊ जणांनी भारताचा झेंडा वर नेला. या सगळ्या मोहिमांत माणूस निवडला जायचा. फौजेने, संस्थेने, देशाने त्याला पाठवायचं.

हे गणित मोडलं १९८५ मध्ये, टेक्सासच्या एका धनिकाने. डिक बास तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. तेलाच्या पैशातला आणि स्कीइंग रिसॉर्टचा मालक. सातही खंडांतली सर्वोच्च शिखरं चढायची असं त्याने ठरवलं आणि ३० एप्रिल १९८५ रोजी डेव्हिड ब्रेशिअर्स या कसलेल्या गिर्यारोहकाच्या सोबतीने तो एव्हरेस्टवर पोचला. बास काटक होता, चेष्टा करण्याजोगा माणूस नव्हता. पण जगाने त्यातून एवढंच उचललं की मध्यमवयीन श्रीमंत माणूस, चांगला वाटाड्या मिळाला तर, एव्हरेस्ट चढू शकतो. पुढच्या सात वर्षांत त्याचा धंदा झाला. १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या रॉब हॉल आणि गॅरी बॉल यांनी पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांना शिखरावर नेऊन सुखरूप परत आणलं. १९९६ साली हॉलच्या कंपनीची फी माणशी ६५,००० डॉलर होती.

त्या १९९६च्या मे महिन्यावर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले, त्यामुळे ती गोष्ट पुन्हा सांगत बसत नाही. १० आणि ११ मेच्या वादळात आठ जण गेले. त्यातले तिघे आपल्या इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाचे, तिबेटच्या बाजूने चढणारे लडाखी जवान होते, आणि इंग्रजी पुस्तकांत त्यांना फारच थोडी जागा मिळाली. पण मला त्या दिवसाची दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात.

एक सँडी हिल पिटमन. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळातली. बेस कॅम्पवर तिच्यासाठी एस्प्रेसो कॉफीचं यंत्र आलं होतं, आणि पुढे सगळ्या जगाने त्या यंत्राची टर उडवली. दुसरा डग हॅन्सन. अमेरिकेतल्या पोस्टातला नोकर. रात्रपाळीला टपाल खात्यात, दिवसा बांधकामावर, असं करून त्याने फीचे पैसे साठवले होते. एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी टी-शर्ट विकून त्याला हातभार लावला होता. आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, शिखर उंचीने शंभरेक मीटरवर आलं असताना हॉलने त्याला मागे फिरवलं होतं, कारण उशीर झाला होता. त्याच हॉलने फी कमी करून त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी दुपारी दोनला परत फिरायचं ठरलेलं असताना हॅन्सन चार वाजून गेल्यावर वर पोचला, आणि हॉलने त्याला थांबवलं नाही. दोघेही खाली आले नाहीत. पिटमनही त्या रात्री मरणाच्या दारात पोचली होती, पण वाचली.

टर कॉफीयंत्राची उडाली. माझ्या मते त्या दिवसाचं दुखणं यंत्रात नव्हतं. पोस्टातल्या माणसाला तिसऱ्यांदा यायची ऐपत नव्हती, आणि हे तो आणि त्याचा वाटाड्या दोघेही जाणून होते. दुखणं तिथे होतं.

मराठी माणूस या गोष्टीत उशिरा आला आणि वेगळ्या दाराने आला. १९९८च्या मे महिन्यात पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून गेलेले ते महाराष्ट्रातले पहिले नागरी एव्हरेस्टवीर. २१ मे २००९ रोजी पुण्याचीच कृष्णा पाटील एकोणिसाव्या वर्षी वर पोचली. पण आपल्याकडे एव्हरेस्ट हा सार्वजनिक विषय झाला तो २०१२ मध्ये, गिरिप्रेमी या पुण्याच्या संस्थेच्या मोहिमेमुळे. १९८२ पासून सह्याद्रीत आणि हिमालयात चढणारी ही मंडळी. नेते उमेश झिरपे. पैसा उभा राहिला तो बहुतांशी लोकांकडून. देणगीच्या पावत्या, शाळांतली व्याख्यानं, कंपन्यांचे उंबरठे. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या समाजाला ही पद्धत अंगवळणी पडलेली होती. या वेळी गणपती तेवढा उंचावर बसवायचा होता.

त्या वर्षी डोंगर कोरडा होता. बर्फ कमी, दगड सुटत होते, आणि बेस कॅम्पच्या लगेच वरच्या खुंबू हिमप्रपातावर बर्फाचे प्रचंड कडे लटकत होते. रसेल ब्राइस हा एव्हरेस्टवरचा बडा आयोजक. त्याच्या बेस कॅम्पमधल्या गालिचे घातलेल्या घुमटी तंबूची गिर्यारोहकांत ख्याती होती. मेच्या पहिल्या पंधरवड्यात त्याने आपली सगळी मोहीम गुंडाळली. शेर्पांचा जीव या प्रपाताखाली रोज टांगणीला लावणं मला मान्य नाही, अशी त्याची भूमिका होती. गिऱ्हाइकं चिडली, पण घरी गेली. बाकीचे थांबले आणि चांगल्या हवेची वाट बघू लागले. हवा उघडली १८ मेच्या सुमारास, आणि थांबलेले सगळे एकदमच निघाले. त्या दिवसांत शेजारच्या ल्होत्से शिखराच्या उभ्या उतारावर मुंग्यांसारखी लागलेली माणसांची रांग एका जर्मन गिर्यारोहकाने टिपली आणि तो फोटो जगभर गेला.

१८च्या रात्री साउथ कोलवर, म्हणजे साधारण ७९०० मीटरवर, काय चाललं असेल ते जवळून बघण्यासारखं आहे. माणसं आठ-नऊ वाजताच तंबूतून बाहेर पडतात. हवेत प्राणवायू आपल्या पूर्णेच्या तुलनेत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तोंडावर मास्क, पाठीवर प्राणवायूचं नळकांडं, आणि वरपर्यंत लावलेला एकच दोर. त्या दोराला ‘जुमार’ नावाचं हातात धरायचं साधन अडकवायचं. ते वर सरकतं, खाली सरकत नाही. पुढच्याला ओलांडायचं तर स्वतःला दोरातून सोडवावं लागतं, आणि अंधारात त्या उतारावर ते करायला कोणी धजत नाही. म्हणून सगळ्यांचा वेग पुढच्या सगळ्यात संथ माणसाएवढा. नळकांडं मिनिटाला दोन लिटरच्या हिशेबाने आठेक तास पुरतं. रांगेत तास-दोन तास नुसतं उभं राहिलं तरी तो हिशेब चालूच असतो, आणि बदली नळकांडं शेर्पाच्या पाठीवरून जेवढं आलं असेल तेवढंच.

१९ मे २०१२ या एका दिवसात दोन्ही बाजूंनी मिळून दोनशेहून जास्त माणसं शिखरावर पोचली. त्यांत गिरिप्रेमीचे आठ जण होते. पुण्यात पेढे वाटले गेले, ढोल वाजले. एकाच नागरी मोहिमेतून एवढे भारतीय एकदम वर जाणं तोवर झालं नव्हतं. आनंद निर्भेळ नव्हता. संघातले रमेश गुळवे याच मोहिमेत आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत.

त्याच दिवशी, त्याच दोरावर, श्रिया शाह-क्लॉर्फिन होत्या. काठमांडूत जन्म, मुंबईत बालपण, कॅनडात संसार. वय तेहतीस. एव्हरेस्टआधीचा अनुभव तुटपुंजा, पण इच्छा जबर. टोरंटोतल्या घरावर कर्ज काढून त्यांनी एक व्यापारी सेवा विकत घेतली होती. रांगेत वेळ गेला. शेर्पांनी परत फिरायला सांगितलं होतं, असं नंतर सांगण्यात आलं. दुपार उलटून गेल्यावर त्या वर पोचल्या आणि उतरताना कोसळल्या. त्या दिवशी नेपाळच्या बाजूला दगावलेल्या चौघांपैकी त्या एक.

गिरिप्रेमीचे आठ वाचले आणि श्रिया गेल्या, यावरून ‘आपली ती संस्था, त्यांचा तो धंदा’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी तो काढणार नाही. दोघांच्याही पुढे शेर्पाच होते, दोर त्यांनीच लावले होते, हिमप्रपातातल्या शिड्याही त्यांनीच. फरक होता तो मागच्या वर्षांचा. संस्थेतला गडी दहा-पंधरा वर्षं एका नेत्याच्या नजरेखाली चढलेला असतो, आणि ‘तू खाली ये’ म्हणायचा अधिकार त्या नेत्याला असतो. सेवा विकत घेतलेल्या गिऱ्हाइकाला तसं सांगणारा माणूस गिऱ्हाइकाच्याच पैशाने तिथे आलेला असतो.

पुढच्या वर्षांत हा धंदा नेपाळी कंपन्यांच्या हाती गेला, आणि हे चांगलंच झालं. पण त्याचबरोबर बाजार दोन टोकांना ताणला गेला. खालच्या टोकाला तीस-चाळीस हजार डॉलरांत एव्हरेस्ट. भारतातून जाणारी बहुतेक मंडळी इथे. वरच्या टोकाला दीड-दोन लाख डॉलरांची ‘व्हीव्हीआयपी’ मोहीम. त्यात गरम ठेवलेला मोठा तंबू, त्यात खाट, जाड गादी, गालिचा, स्वतंत्र न्हाणीघर, इंटरनेट, हवं ते जेवण. शेवटच्या चढाईआधी विसावा म्हणून हेलिकॉप्टरने खाली काठमांडूच्या हॉटेलात. गिऱ्हाइकामागे दोन-तीन शेर्पा, प्राणवायू हवा तेवढा, म्हणजे इतरांच्या दुप्पट वेगानेही सोडता येईल इतका. काही कंपन्या गिऱ्हाइकाला घरीच विरळ हवेच्या तंबूत कित्येक आठवडे झोपवतात, त्यामुळे दोन महिन्यांची मोहीम तीनेक आठवड्यांत उरकते. २०२५च्या मे महिन्यात चार ब्रिटिश माजी सैनिक झेनॉन वायू हुंगून निघाले आणि लंडन ते शिखर ते लंडन असा प्रवास आठवड्याभरात करून परतले.

या ऐषारामाला नावं ठेवणं सोपं आहे. पण ऐषारामाचा खरा गाभा गादी आणि कॉफी नव्हे. ज्याच्याकडे दोन लाख डॉलर खर्चायला आहेत त्याला डोंगराखाली उभं राहून ‘आज नको, पुढच्या वर्षी बघू’ म्हणता येतं. त्याच्या पाठीवर जादा प्राणवायू आहे तसा त्याच्या बँकेत जादा प्रयत्न आहे. ब्राइसची गिऱ्हाइकं २०१२ मध्ये रागावून का होईना घरी गेली, ती यामुळे. खालच्या टोकाच्या माणसाकडे नेमकी हीच चीज नसते.

२०१६च्या मे महिन्यात बंगालमधले तिघे एव्हरेस्टवर दगावले, त्यांतला एक हात गमावलेला शिंपी होता. वर्षानुवर्षं पैसा पैसा साठवून ही माणसं गेली होती. उशीर झाला, प्राणवायू संपत आला, तरी पावलं वळली नाहीत. त्याच हंगामात पुण्यातल्या एका पोलीस दांपत्याने शिखर गाठल्याचा दावा केला. पुढे फोटो दुसऱ्याच गिर्यारोहकाचे, फेरफार करून वापरलेले निघाले. नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली, नोकरीही गेली. लबाडी ती लबाडीच. पण रिकाम्या हाताने गावात परतायची भीती माणसाला काय काय करायला लावते, तेही त्यात दिसतं.

याच वर्षी, १९ मे २०१६ रोजी, औरंगाबादचे पोलीस शिपाई रफिक शेख शिखरावर पोचले, आणि त्यांची वाट बघितली की छाती दडपते. २०१४ मध्ये ते गेले तेव्हा १८ एप्रिलला खुंबूच्या हिमप्रपातात कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार गेले. सरकारने सुरुवातीला घरटी चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले, शेर्पा भडकले आणि हंगाम बंद पडला. २०१५ मध्ये ते पुन्हा गेले तर २५ एप्रिलचा भूकंप. नेपाळने जुने परवाने पुढे चालवायचं मान्य केलं, पण परवान्याव्यतिरिक्तचा खर्च कोण परत देणार? तिसऱ्या वेळी त्यांना माथा लाभला. एका शिपायाने तीनदा ही उभारणी कशी केली असेल, याचा हिशेब वाचकाने स्वतःच्या पगारावर मांडून बघावा.

मग येतात प्रा. मनीषा वाघमारे. औरंगाबादच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या. २०१७ मध्ये त्या एव्हरेस्टवर गेल्या, आणि शिखर अवघं १७० मीटर उरलेलं असताना हवा बिघडली. त्या परत फिरल्या. १७० मीटर म्हणजे आपल्याकडे स्टेशनपासून बाजारापर्यंतही नाही. तिथे मात्र ते तासांत मोजायचं अंतर, आणि जेवढे तास चढायला त्याच्या पुढचे तास जिवंत उतरायला. डग हॅन्सनला १९९५ मध्ये वळावं लागलं ते शंभरेक मीटरवरून. त्याला वळवणारा रॉब हॉल होता. इथे मागे नोकरी, घर, मदत केलेली माणसं आणि मराठवाड्यातून पहिली बाई जाणार म्हणून आलेल्या बातम्या, एवढं ओझं घेऊन त्या उतरल्या. दुसऱ्या वर्षी सगळी जुळवाजुळव पुन्हा केली आणि २१ मे २०१८ रोजी शिखरावर पोचल्या. मराठवाड्याची पहिली महिला एव्हरेस्टवीर म्हणून त्यांचे सत्कार झाले ते या दुसऱ्या मेचे. मला विचाराल तर पहिल्या मेचाही एक सत्कार व्हायला हवा होता.

२०१८ मध्येच महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या मुलांना ‘मिशन शौर्य’मधून नेलं आणि पाच जण वर पोचले. त्याच्या चार वर्षं आधी, २५ मे २०१४ रोजी, पलीकडच्या निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा, आमच्या गावाचंच नाव असलेली मुलगी, चौदा वर्षंही पूर्ण नसताना तिबेटच्या बाजूने चढली होती. त्या मुलांमागे सरकार होतं, कर्जाचा हप्ता नव्हता. इतक्या कोवळ्या वयात मृत्यूच्या पट्ट्यात मुलं न्यावीत का, हा वाद वेगळा, आणि मी त्यात ‘नाही’च्या बाजूला आहे. पण पैशाची बाजू तेवढी त्यांच्याबाबतीत नितळ होती.

२०१९ मध्ये नेपाळने ३८१ परवाने दिले, विंडो आखूड निघाली आणि शिखराखालच्या धारेवर पुन्हा रांग लागली. २२ आणि २३ मे या दोन दिवसांत मुंबईच्या अंजली कुलकर्णी आणि पुण्याचे निहाल बागवान हे दोघे उतरताना गेले. अंजलीताईंचे पती शरद कुलकर्णी याच मोहिमेत होते. साठी ओलांडल्यावर, २०२३च्या मे महिन्यात, ते पत्नीच्या आठवणीत पुन्हा गेले आणि शिखर गाठून आले.

नेपाळने १ सप्टेंबर २०२५ पासून वसंत ऋतूतल्या परवान्याची फी ११,००० डॉलरवरून १५,००० केली. व्हीव्हीआयपी गिऱ्हाइकाला ही वाढ कळणारही नाही. परभणी, नांदेड, हिंगोलीच्या पोराला ती साडेतीन लाख रुपयांच्या आसपास पडेल, आणि ते घेऊन तो आमदाराकडे, कारखान्याकडे, गावातल्या व्यापाऱ्यांकडे जाईल. तो तुमच्याही दारी आला तर जमेल तेवढं जरूर द्या. पण चेक लिहिण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा: किती वाजता परत फिरायचं ठरवलं आहेस, आणि तसं सांगायचा अधिकार कोणाला दिला आहेस? आणि पैसे देतानाच, चार लोकांसमोर, त्याला सांगून टाका की शिखराच्या फोटोशिवाय आलास तरी हार तयार असेल.